‘वाईट नाही’चा घोळ

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ती चालली. आणि माझ्यामुळे चालली.

दुपारी ‘नांगर’ नावाच्या आमच्या पबात नेहमीच्या खिडकीपाशी बसलो होतो. अजून गर्दी नव्हती, शेकोटी नुकती धरली होती, समोर मटणाची पाई. फिलोमेनाची पाई सुरी लावली की आधी करकरते, मग वाफ सोडते, आणि तरी खचत नाही. पहिला घास तोंडात गेला आणि ब्रेन्डा कानाशी येऊन म्हणाली, "खाऊन घे राजा. महिनाअखेरपर्यंतच आहे हे."

मला वाटलं, मीच महिनाअखेरपर्यंत आहे. डॉक्टरने हिला काही सांगितलं असेल, मला न सांगता. घास उतरला तेव्हा कळलं — नोटीस फिलोमेनाने दिली आहे. वसंतात आली आणि आता स्वयंपाकघर सोडून चालली. ब्रेन्डाचा नवरा गॉर्डन, म्हणजे पबचा मालक, दुसरी स्वयंपाकीण शोधायला तयार नाही. "शोधून दमलो. फ्रीझरमधली पाकिटं आणीन नाहीतर चुलीला कुलूप घालीन," असं बायकोला म्हणाला म्हणे.

"पण चालली का?"

"तिला वाटतं, इथं कोणालाच तिचं जेवण आवडत नाही. खिडकीतला म्हातारा तर रोज तोंडावर सांगतो, म्हणाली."

"काय सांगतो?"

"वाईट नाही."

मी मागे वळून बघितलं. खिडकीत दुसरा कोणी म्हातारा नव्हता.

पाई संपवली. संपवायला नको होती, वाईट बातमीनंतर माणसाने जेवू नये. पण थंड झाली असती.

१५ ऑक्टोबर, बुधवार



मी आणखी काय म्हणायला हवं होतं? आमचे वडील खाणीत दगड फोडायचे. आईच्या हातच्या जेवणाला त्यांनी जन्मात एकदा 'वाईट नाही' म्हटलं. आई ते पुढे शेजारणींना सांगत राहिली. लग्नाच्या दिवशी मी एडनाला म्हणालो, "वाईट दिसत नाहीस." तिने डोळ्याला रुमाल लावला, तिच्या बहिणीने माझ्या पाठीवर थाप मारली. 'फार चांगला' असं आम्ही आमच्या स्कारबेक गावात फक्त मेलेल्या माणसाला म्हणतो. तेही सगळ्यांना नाही.

उलट डेरेकची गोष्ट. फिलोमेनाच्या आधी स्वयंपाकी तो होता. त्याचं बीफ म्हणजे जोड्याचा तळ, कोबी म्हणजे धुणं. ब्रेन्डा टेबलाशी येऊन विचारायची, "सगळं ठीक ना?" की आम्ही सगळे एका सुरात — "छान, फारच छान, धन्यवाद." आणि बीफ रुमालात, रुमाल खिशात, बाहेर पडल्यावर खिसा माझ्या दोस्ताच्या, डगीच्या कुत्र्यापुढे. पुढेपुढे ते कुत्रंही नखरे करायला लागलं. डेरेक निवृत्त झाला तेव्हा त्याने भाषण केलं. इतकं कदर करणारं गाव पाहिलं नाही म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. काय करणार, माणूस वाईट नव्हता.

हे सगळं पोर्तुगालच्या बाईला कसं कळावं? तिने ऐकलं ते एवढंच की डेरेक 'फारच छान' होता आणि ती 'वाईट नाही.'

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पॉलीनचा लीड्सहून फोन. "जेवता ना नीट, बाबा?" "जेवतो." "गरम?" "गरम." महिनाअखेरचं सांगितलं नाही. मुलीला शब्द दिलेला आहे की दुपारी गरम जेवतो, चांगलं जेवतो, चार माणसांत जेवतो, म्हणून मला इथं एकटं राहू देते. नांगराची चूल विझली की ती गाडी घेऊन दारात उभी. खोली तयारच आहे, भिंतीला नवा कागदही लावलाय. तिथं जावई कीथ जेवणाची वेळ डब्यावर वाचतो आणि मायक्रोवेव्हसमोर उभा राहून उलटे आकडे मोजतो.

गॅसची चावी पुन्हा बघून आलो. बंद होती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मासा. फिलोमेना तो गोमांसाच्या चरबीत तळते, इकडे तोच खरा मासा, आणि हे तिला कोणी शिकवलं देवाला ठाऊक. वरचं आवरण फोडलं की आत पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. बरोबर मटारचा लगदा, पुदिना घातलेला. खाताना काट्याची भीती वाटतेच, पण आजवर एक काटा सापडलेला नाही. त्याचीच जास्त काळजी वाटते.

डगीला बोलावून घेतलं. डगी आयुष्यभर दुधाचा टँकर चालवत होता, त्यामुळे कुजबुजला तरी पलीकडच्या टेबलावर ऐकू जातं.

"तुझ्या जिभेला काय झालं होतं?" तो म्हणाला. "बाईमाणसाशी जरा गोड बोलावं."

"तू काय म्हणतोस तिला?"

"मी? मी म्हणतो, यापेक्षा वाईट खाल्लंय."

"मग?"

"मग काय! कौतुकच आहे की ते."

बिअर प्यालो. मग बेत ठरला. रविवारी सगळ्या पबाने तिच्या तोंडावर म्हणायचं — फारच छान. डगी घरोघर सांगणार. ब्रेन्डाला मात्र सांगायचं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. डगी म्हणाला, तिच्या देशाकडे बोटांची टोकं जुळवून त्यांचा मुका घेतात आणि हात असा उघडतात, टीव्हीवर पाहिलंय. करून दाखवलं. सकाळीच कुंपणाला डांबर लावून आला होता. बराच वेळ थुंकत होता.

मग माझी पाळी. समोर पावाचा तुकडा होता, त्याला म्हणून बघितलं, "फारच छान."

"सांगतोयस की धमकी देतोयस?" डगी म्हणाला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दाढी करताना आरशात सराव केला. "फारच छान." हनुवटीला कापलं. रक्त थांबेना म्हणून कापूस लावला आणि बसलो. रक्त पातळ झालं असेल का? ऐन रविवारी तोंड वाकडं दिसणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

लिहवत नाही, पण लिहितो.

सगळं गाव आलं होतं. जेवण तर असं की मलाच भीती वाटली. आधी पुडिंग, गोड नव्हे, पिठाचं, भट्टीत फुगवलेलं, नुसतं, आपल्या पद्धतीने. कडा फुगून उभ्या, मध्ये खळगा, खळग्यात ग्रेव्ही. मग बीफ, आत गुलाबी, सुरी नुसती ठेवली की उतरत होतं. चरबीत भाजलेले बटाटे, खाताना शेजारच्याला आवाज जाईल असे. मी मान वर केली नाही. सगळ्या पबात काटेचमचेच काय ते बोलत होते.

मग फिलोमेना नेहमीसारखी दारात आली, हात पुसत. आज चेहरा जरा हसरा होता. ते आमच्या लक्षात यायला हवं होतं!

डगीने सुरुवात केली. "फारच छान," असं म्हणाला की खिडकीच्या काचा हलल्या. त्याच्या मागून गॅरेजवाला, "छान, छान." चर्चची घंटा वाजवणाऱ्या दोघी बहिणी, "फारच छान, धन्यवाद." शेवटी मी. उभा राहिलो. गुडघा वाजला. "फारच छान," म्हणालो आणि बोटांचा मुकाही घेतला. बोटाला बीफबरोबर खायचं किसलेलं झोंबरं मूळ, मोहरीसारखं नाकात चढणारं, लागलेलं होतं, डोळ्यांतून पाणी आलं.

तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. पुडिंगसारखा फुगेल असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. ती आत गेली. मग एक झाकण जमिनीवर पडलं आणि गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं.

ब्रेन्डा बाहेर आली. "कोणाची ही अक्कल?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डगीनेही.

"अरे राजा," ती म्हणाली, आणि तिचा 'राजा' एवढा कडू कधी लागला नव्हता, "बुधवारपासून मी तिला समजावतेय. इथं 'वाईट नाही' म्हणजे सगळ्यात वरचं. 'छान' म्हणतात ते वाईट असेल तेव्हा. डेरेकची गोष्ट सांगितली, रुमाल, कुत्रं, सगळं सांगितलं. काल तिला पटलं. हसली. नोटीस परत घेते म्हणाली. आणि आज तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला डेरेक केलंत."

"मग आता परत समजाव ना," डगी म्हणाला.

"काय समजावू? ती म्हणते, तुम्ही सगळे मिळून माझी थट्टा करता. त्या सगळ्यांत मीही आले." मग तिची नजर डगीच्या ताटावर गेली. "आणि हे काय ठेवलंयस?"

डगीने चरबीची कड बाजूला काढून ठेवली होती. कुत्र्यासाठी. सवयीने.

"ते आवडलं म्हणून," तो म्हणाला. "त्यालाही कळू दे म्हटलं." पण तोवर ती निघून गेली होती.

२० ऑक्टोबर, सोमवार

सोमवारी नांगरात चूल नसते. घरी अंडं उकडलं. हातून रबरी झालं. ते खाता खाता पॉलीनचा फोन, आणि माझ्या तोंडून निसटलं, "पुढच्या महिन्यापासून बघू." "पुढच्या महिन्यापासून काय, बाबा?" सगळं काढून घेतलं तिने. ही लहानपणीही अशीच, खिसे तपासायची.

"मग प्रश्नच मिटला," म्हणाली. "कीथ शनिवारी येईल सामान न्यायला, एक तारखेला. खुर्ची आणा. कपाट नको, मावणार नाही."

कपाट एडनाच्या आईचं आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

माफी मागायला गेलो. पुढच्या दाराने जायचा धीर झाला नाही, मागून स्वयंपाकघराच्या पायरीकडून गेलो. ती पायरीवर कांदे सोलत बसली होती. वर खिडकीत तिचा रेडिओ चालू, तो कायमच चालू असतो.

"आता काय म्हणायचं राहिलंय?" तिने वर न बघता विचारलं.

मी टोपी काढली. "वाईट —"

"नको. तो शब्द नको. तुमच्याकडे शब्द एकच, आणि तोही रोज उलटा. ब्रेन्डा म्हणते वाईट म्हणजे चांगलं, चांगलं म्हणजे वाईट. मग मीठ मागता तेव्हा साखर देऊ का?"

मी म्हणालो, मीठ मागतो तेव्हा मीठच.

"माझी आई जेवायला बसली की बोलायची. मीठ कुठं कमी पडलं, कांदा किती परतला, लसूण का जळला. भांडायचीसुद्धा. पण कळायचं की ही बाई खातेय. तुम्ही लोक खाता आणि खिडकीबाहेर बघता."

"बाहेर मेंढ्या असतात," मी म्हणालो.

"मग मेंढ्यांना जेवू घालते."

कांदा झोंबत होता की काय कोण जाणे, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. तिने सुरी खाली ठेवली. "बरं, सांगा. गेल्या मंगळवारी काय खाल्लंत?"

"पाई."

"कशी होती?"

सगळं आठवत होतं. त्या पाईचा प्रत्येक घास आठवत होता. शब्द वर येत होते आणि घट्ट कॉलरचं बटण असतं तिथं येऊन अडत होते. शेवटी म्हणालो, "गरम होती."

"गरम तर पाणीही असतं, मिस्टर सिरिल." आणि कांद्याची टोपली उचलून आत गेली.

मी पायरीवर तसाच उभा. रेडिओवर जिल्ह्याच्या स्टेशनची बाई सांगत होती, गुरुवारी दुपारी श्रोत्यांनी फोन करायचा आणि सांगायचं, रविवारचं सगळ्यात चांगलं जेवण कुठं मिळतं. नंबर सांगितला. मी तो हातावर लिहून घेतला. का घेतला ते घरी आल्यावर कळलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

हात धुतला नाही. भांडीही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

केला फोन.

खुर्ची भिंतीकडे वळवून बसलो, म्हणजे समोर माणूस नाही, मेंढ्याही नाहीत. डोक्यावर टोपी घातली. घरात कोणी टोपी घालून बोलत नाही, पण घातली. थोडं थांबायला लावलं, गाणं वाजवलं. मग एकदम ती बाई कानात. "नमस्कार, कोण बोलतंय?"

"होरेस," मी म्हणालो. हे आधी ठरवलं नव्हतं, आयत्या वेळी सुचलं.

"होरेस, कुठं जेवता तुम्ही रविवारी?"

आणि मग काय झालं मला ठाऊक नाही. बटण तुटलं. मी तिला पाईपासून सुरुवात करून सांगितलं. कांदा आच मंद ठेवून इतका वेळ परततात की तो गोड होतो आणि दिसेनासा होतो, पण काढला तर पाई पांगळी होईल. मटण खांद्याचं, आमच्याच टेकडीवरचं, त्याला वरच्या गवताचा वास येतो आणि तो ती मारत नाही. आवरणाची खालची बाजू ग्रेव्हीत भिजलेली आणि वरची कोरडी, आणि एका घासात दोन्ही यावीत म्हणून मी सुरी कशी धरतो ते सांगितलं. पुडिंगचा खळगा. ग्रेव्हीसाठी हाडं सकाळपासून उकळतात तेव्हा रस्त्यावरून जाणारा पोस्टमन सायकलवरून उतरतो. झोंबरं मूळ गॉर्डनच्या परसातलं, पहिल्या घासाला कवटी उघडते, दुसऱ्याला बंद होते. सफरचंदाच्या गोड क्रंबलवरचा भाजलेला चुरा कडेला चिकटलेला असतो, तो मी मुद्दाम शेवटी खरवडतो आणि कोणी बघत नाही ना ते आधी बघतो.

आणि म्हणालो, तिथं कोणी घाई करत नाही. संगीत नाही. शेकोटी आहे, बाकाखाली कुत्रं आहे, एका ग्लासावर दुपार काढली तरी कोणी ताट उचलायला येत नाही. आणि हे सगळं रांधणारी बाई पोर्तुगालची आहे आणि आमच्या गावात तिला हे सांगणारा एकही मर्द नाही.

"होरेस," रेडिओवाली म्हणाली, "तुम्ही प्रेमात पडलात की काय?"

"प्रेमात माझं पोट पडलंय," मी म्हणालो.

ती हसली. जागेचं नाव विचारलं. नांगर, स्कारबेक, म्हणालो. तिथं ठेवायला हवा होता फोन. पण माणसं पुलापाशी हमखास चुकतात, हे मला ठाऊक आहे, मीच कितीजणांना वळवून दिलंय. कोणी शेतात अडकलं तर? म्हणून सांगितलं — पुलानंतर डावीकडे, पहिला नव्हे, दुसरा रस्ता. पहिल्यावर बैल आहे. गाडी चर्चच्या भिंतीला लावा, गटाराकडे नको. बुधवारी डिलिव्हरीचा ट्रक असतो. रविवारी साडेबाराच्या आधी या, बटाटे संपतात.

फोन ठेवला. टोपी काढली. घाम.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नांगरात शिरलो. डगी लगेच म्हणाला, "हा होरेस कोण रे? आवाज तुझ्यासारखा. सर्दी झालेल्या तुझ्यासारखा."

"होरेस आहेत पुष्कळ," मी म्हणालो.

"बैलाचं बरोबर सांगितलं त्याने."

मासा घेऊन फिलोमेना स्वतः आली. ताट ठेवलं, गेली नाही. म्हणाली, "तुमची त्या होरेसशी ओळख आहे का?"

"तोंडओळख."

"त्याला सांगा, पाईत कांदा एकटा नसतो. लीकही असतो, तो जाड पातीचा कांदा. तो त्याला सापडला नाही."

"सांगतो."

"बाकी सगळं सापडलं त्याला." मग कमरेवर हात ठेवून उभी. "हं. मासा."

सगळा पब बघत होता. भिंतीकडे वळायला जागा नव्हती. मी एक घास घेतला, माशाकडेच बघत म्हणालो, "आज चरबी जास्त तापली होती. कड जरा काळी झालीय. पण त्यानेच आतला मासा रसदार राहिलाय."

"काळी झालीच आहे," ती म्हणाली. "रेडिओ ऐकत बसले होते." आणि गेली.

ब्रेन्डाने बिअर आणली, न मागता. "नोटीस फाडली तिने, राजा." मी खिडकीबाहेर बघितलं. मेंढ्या अंधूक दिसत होत्या.

घरी येऊन पॉलीनला फोन. एक तारखेला कीथला पाठवू नको म्हणालो. खुर्ची इथंच बरी आहे, कपाटही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गॉर्डन म्हणतो सकाळपासून फोन थांबत नाहीये. कोणाचे ते सांगत नाही. काळजी वाटते.

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चच्या भिंतीला गाड्या. भिंत संपली तिथून पुढेही गाड्या. एकही गटाराकडे नाही.

नांगराच्या दारात गॉर्डन, नवा शर्ट घालून, हातात पेन. "बुकिंग आहे का?" त्याने विचारलं. मान वर करून बघितलं तेव्हा त्याला मी दिसलो. "अरे सिरिल! माफ कर बाबा. पण नाही ना केलंस?" माझ्या खिडकीत कोणी कोरे बूट घातलेला शहरी माणूस, बायको, आणि सासूसारखी दिसणारी सासू. तो पुडिंगचा फोटो काढत होता. पुडिंग खचत होतं. मी काचेतून खूण केली, खा, खा. त्याने हात हलवला.

घरी अंडी होती. पण पाय आपोआप मागच्या पायरीकडे गेले. आत रणधुमाळी. फिलोमेनाने मला बघितलं, एका हाताने ग्रेव्ही ढवळत दुसऱ्या हाताने भट्टी आणि मोरी यांच्या मधलं स्टूल ओढलं. "होरेस, बसा. बोला." मी बसलो. ताट मांडीवर. इतकं गरम की पँटमधून लागत होतं. बोललो. बटाट्याबद्दल एक तक्रार केली, तिने उलट उत्तर दिलं, मी ऐकलं नाही, तिने चमचा उगारला. जेवताना इतकं कधी बोललो नव्हतो. ठसका लागला, जीव गेला असं वाटलं, मग आला.

मागचं दार वाजलं. बाहेर डगी, कुत्र्यासकट, पोटावर हात ठेवून. मी दार बोटभर उघडलं.

"बुकिंग आहे का?" विचारलं.

त्याने मला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. पण फारच छान होतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पॉलीन. "बाबा, होरेस कोण हे मी पहिल्या शब्दाला ओळखलं. बैलावर येईपर्यंत तर कीथनेही ओळखलं." माझा चेहरा एकटाच असताना लाल झाला. मग म्हणाली, "रविवारी येतोय आम्ही. कीथने बुकिंग केलंय. खिडकीजवळचं."

२ नोव्हेंबर, रविवार

आले. जेवले. कीथने पावाने ताट पुसलं, मग पॉलीनचंही. तासभर बोललाच नाही. नंतर गॉर्डनला जाऊन विचारलं, या बाजूला घर विकायला आहे का कुठं. गॉर्डनने — याचं मी काय वाकडं केलं होतं! — माझ्या शेजारचं दाखवलं. दोघं आत्ता बघायला गेलीत. पॉलीन जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "आता तुम्हाला लीड्सला यायला नको, बाबा."

आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे.